युद्धोत्तर जपान आणि आदरार्थी भाषा

१५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राट हिरोहितो यांनी आकाशवाणीवरून केलेली शरणागतीची घोषणा अनेक प्रजाजनांना नीटशी उमगली नाही. कारण ती जुन्या ग्रांथिक, दरबारी भाषेत होती. शासन आणि लोक यांच्या भाषांतील हे अंतर युद्धानंतर झपाट्याने कमी झाले. ३ नोव्हेंबर १९४६ रोजी प्रसिद्ध झालेले नवे संविधान बोलभाषेवर आधारलेल्या गद्यात लिहिले गेले. त्याच महिन्यात नित्य व्यवहारासाठी १,८५० चिनी अक्षरचिन्हांची यादी निश्चित झाली.

याहून अवघड प्रश्न आदरार्थी रूपांचा होता. जपानी क्रियापदाचे रूप बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो, यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते. पूर्वी उच्चनीचतेवर उभी असलेली आदरार्थी भाषा यापुढे परस्परांच्या व्यक्तित्वाविषयीच्या आदरावर आधारलेली असावी, अशी शिफारस राष्ट्रभाषा परिषदेने १९५२ मध्ये केली. 'मी' या अर्थी 'वाताशी' व समोरच्या व्यक्तीसाठी 'आनाता' ही रूपे तिने प्रमाण मानली.

पैकी 'वाताशी' रूढ झाले. 'आनाता' मात्र सार्वत्रिक झाले नाही. शिक्षकास वा वरिष्ठास 'आनाता' म्हणणे आजही उद्धटपणाचे समजले जाते. तेथे पदनाम वापरतात, किंवा आडनावास 'सान' जोडतात.

लेखनाचे नियम शाळा, शासन व वृत्तपत्रे यांच्याद्वारे अमलात आणता येतात. संबोधन मात्र दोन व्यक्तींच्या नात्यातून प्रत्येक प्रसंगी ठरते. म्हणूनच संविधानाने समता मान्य केल्यावरही तिला साजेसे एकच सर्वनाम सर्वांच्या तोंडी रुळले नाही.