रुमाल टाकून धरलेली जागा

मुरुडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: सोयाबीनची रास सुरू झाली की दरवर्षी माझं नाक गळू लागतं, डोळे चुरचुरतात, शिंकांनी हैराण होतो. मागच्या वर्षी डॉक्टरांनी लेव्होसेटिरिझिन लिहून दिलं होतं. यंदा तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवून गोळ्या आणल्या. त्या संपल्या तेव्हा वडिलांच्या सर्दीसाठी आणलेलं क्लोरफेनिरामिन घरात होतं, तेच घेतलं. दोन्ही ॲलर्जीच्याच गोळ्या, मग कुठलीही घेतली तर काय बिघडलं? आणि ती घेऊन मळणी यंत्रावर उभं राहिलं तर चालतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी ही गोळी करते काय ते पाहू. लातूर-बार्शी एसटी मुरुडच्या स्टँडवर लागली की आत चढण्याआधी लोक खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल काही प्रवास करत नाही, पण त्या सीटवर दुसरा कोणी बसत नाही. अँटीहिस्टामिन म्हणजे असा रुमाल. धुळीतला किंवा परागातला नकोसा कण नाकात शिरला की मास्ट पेशी हिस्टामिन सांडतात. ते एच-१ नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि तिथून पुढे नाक वाहणं, खाज, शिंका, गांधी हे सगळं सुरू होतं. गोळीतलं औषध त्या जागा आधीच धरून ठेवतं. (औषधशास्त्राचे जाणकार म्हणतील की गोळी नुसती जागा अडवत नाही, रिसेप्टरला बंद अवस्थेत दाबून धरते. बरोबर आहे, पण रुमालानं आपलं काम भागतं.)

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. गाडी भरल्यावर टाकलेल्या रुमालाचा उपयोग कमी, म्हणून ज्याला राशीचा त्रास ठरलेलाच आहे त्यानं गोळी शिंका सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून त्या दिवसांत ठरल्या वेळी रोज घेतलेली बरी. आणि हिस्टामिन कुठे जात नाही, ते गाडीत उभंच असतं. गोळी ॲलर्जी बरी करत नाही. दुप्पट गोळ्या घेतल्या तरी करत नाही.

आता जुनी गोळी (क्लोरफेनिरामिन) आणि नवी गोळी (लेव्होसेटिरिझिन). इथे मला पॅरिसला जावं लागेल, कारण या दोन गोळ्यांतला फरक तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका युक्तिवादातून आला आहे. १९३०च्या दशकात अर्नेस्त फूर्नो यांच्या प्रयोगशाळेत दानिएल बोव्हे काम करत होते. त्यांच्या डोक्यात एक साधी जुळवाजुळव होती. शरीरात ॲसिटिलकोलिन आहे, त्याला अडवणारं ॲट्रोपिन निसर्गात आहे. ॲड्रेनलिन आहे, त्याला अडवणारी द्रव्यं अर्गट या बुरशीत आहेत. हिस्टामिनचं काम तर हेन्री डेल यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, पण त्याला अडवणारं काहीच सापडलं नव्हतं. मग ते प्रयोगशाळेतच शोधावं. १९३७ मध्ये बोव्हे आणि आन-मारी स्टाउब या तरुण संशोधिकेनं मिळून असा पहिला रेणू जाहीर केला. गिनीपिगला हिस्टामिनचा जीवघेणा डोस देऊनही तो वाचत होता.

पुढचं चिवट काम स्टाउब यांचं. एकामागून एक रेणू घ्यायचा, त्याच्या रचनेत थोडा फेरफार करायचा, जनावरांवर पाहायचं, कुठला भाग हिस्टामिनला अडवतो आणि कुठला नुसताच विषारी आहे ते नोंदवायचं. १९३९ मध्ये त्यांनी ते मांडलं. त्यांचे रेणू माणसाला देण्याजोगे नव्हते, फार विषारी होते. पण १९४२ मध्ये बेर्नार हाल्पर्न यांनी रुग्णांसाठी पहिलं अँटीहिस्टामिन आणलं ते याच पायावर. १९५७ चं नोबेल एकट्या बोव्हेंना मिळालं. त्यात त्यांचं स्नायू सैल करणाऱ्या औषधांवरचं कामही धरलं होतं. स्टाउब तोवर जिवाणूंच्या संशोधनाकडे वळल्या होत्या आणि साल्मोनेलाच्या आवरणातल्या शर्करांवर त्यांनी पुढे नाव कमावलं. तरी अँटीहिस्टामिनच्या गोष्टीत त्यांचं नाव तळटीपेत असावं हे मला पटत नाही. कुठला रुमाल कुठल्या सीटवर टिकतो हे आधी त्यांनी तपासलं.

तर ॲट्रोपिन. आपल्याकडे हे द्रव्य बांधावर, उकिरड्यावर उगवतं: धोतरा. धोतऱ्याचं बी पोटात गेलं की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, माणूस असंबद्ध बडबडतो. हिस्टामिनला अडवणारे सुरुवातीचे रेणू ॲट्रोपिनच्या या धंद्यातही कमी-अधिक हात घालतात. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन या जुन्या पिढीच्या गोळ्या हिस्टामिनच्या जागा धरता धरता ॲसिटिलकोलिनच्या जागांवरही रुमाल टाकतात. सर्दीत त्यांनी नाक सुकतं ते बरंचसं यामुळेच. साध्या सर्दीत हिस्टामिनचा हात फारसा नसतो, म्हणून नव्या गोळ्या तिथे विशेष काही करत नाहीत. पण हाच परिणाम ज्यांच्या प्रोस्टेटची गाठ वाढली आहे त्या आजोबांची लघवी रात्री पार अडवू शकतो, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब एकदम चढवू शकतो, म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकू शकतो. आमच्या वाचकांनी वडिलांच्या गोळ्या घेतल्या. मला चिंता खरं तर वडिलांचीच वाटते.

जुन्या गोळ्यांची दुसरी खोड अशी की त्या मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिन जागं ठेवण्याचं काम करतं, तिथल्या जागा धरल्या की झापड येते. जपानच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई यांनी पेट स्कॅन करून मेंदूतल्या किती जागा धरल्या गेल्या ते मोजलं आहे. जुन्या गोळ्या नेहमीच्या डोसमध्ये निम्म्याच्या आसपास जागा व्यापतात, फेक्सोफेनाडिन जवळजवळ एकही नाही. सेटिरिझिन मध्ये कुठेतरी, फेक्सोफेनाडिनच्या बाजूला झुकलेलं. लेव्होसेटिरिझिन हा त्याचाच अर्धा, कामाचा भाग. त्यानंही काहींना झोप येते.

'पण मला नाही येत झोप,' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो. ॲलर्जीचा त्रास असलेल्या चाळीस जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी एकदा फेक्सोफेनाडिन, एकदा डायफेनहायड्रामिन, एकदा दारू आणि एकदा नुसती बिनऔषधाची गोळी. दारू रक्तात सुमारे ०.१ टक्का चढेल इतकी, म्हणजे आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. सगळ्यात वाईट गाडी चालवली गेली ती डायफेनहायड्रामिनवर. फेक्सोफेनाडिनवर गाडी बिनऔषधाच्या गोळीइतकीच ठीक चालली. पण मला भावलेला निष्कर्ष वेगळाच आहे: 'किती झोप येतेय' या प्रश्नाला माणसानं दिलेल्या उत्तरावरून तो गाडी कशी चालवेल याचा अंदाज बांधता येत नव्हता. डोळे उघडे असतात, हात मात्र उशिरा हलतो.

मळणी यंत्राच्या तोंडाशी सोयाबीनच्या पेंढ्या ढकलताना हात किती उशिरा हललेला चालेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. क्लोरफेनिरामिन मोठ्या माणसाच्या रक्तातून निम्मं व्हायला साधारण वीस तास लागू शकतात, तेव्हा 'रात्री घेतली होती' ही सबबही पुरत नाही. वर संध्याकाळी दारू, झोपेची गोळी किंवा चिंतेची गोळी असेल तर ते सगळं एकात एक मिसळतं. राशीच्या दिवसांत यंत्रावर, ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर असणाऱ्यानं जुनी गोळी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवी गोळीही पहिल्यांदा घ्यायची ती घरी थांबायचं असेल त्या संध्याकाळी.

नवी म्हणजे निर्धोक, असंही नाही. टर्फेनाडिन हे झोप न आणणारं पहिलं गाजलेलं अँटीहिस्टामिन. अमेरिकेत १९८५ साली आलं आणि धडाक्यात खपलं. मग काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू लागले. ते रुग्ण सोबत बुरशीवरचं केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेत होते. टर्फेनाडिनचं यकृतात दुसऱ्या रेणूत रूपांतर होतं आणि खरं काम तो दुसरा रेणू करतो. सोबतच्या औषधानं यकृताचं ते काम रोखलं की मूळ टर्फेनाडिन रक्तात साचतं आणि हृदयावर बसतं. औषध बाजारातून गेलं, भारतातही २००३ मध्ये त्यावर बंदी आली. तो दुसरा रेणू मात्र स्वतंत्र औषध म्हणून राहिला, तोच फेक्सोफेनाडिन. (फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर पुरेसं शोषलंच जात नाही. साध्या पाण्याबरोबर घ्यावं.)

हे जुनं प्रकरण म्हणून सोडता येत नाही, कारण आपल्याकडे गजकर्णाची साथ आहे आणि त्यासाठी इट्राकोनाझोल घेणारे घराघरांत आहेत. खाजेसाठी एबास्टिन दिलं जातं, त्याचाही प्रवास यकृताच्या त्याच वाटेनं होतो. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असतील तर दोघांना दोन्ही दाखवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो, तीही मागच्या वर्षीची चिठ्ठी परत न वापरण्याची एक सबब. स्ट्रिपवर लेव्होसेटिरिझिनच्या पुढे मोंटेलुकास्ट छापलेलं असेल तर ते अँटीहिस्टामिन नव्हे. त्यानं काहींना भीतिदायक स्वप्नं, उदासी, चिडचिड होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्यावर आपला सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. नाक गळतंय म्हणून सरसकट ही जोडगोळी देण्याची पद्धत मला अजिबात आवडत नाही.

लहान मुलांबद्दल थोडक्यात: क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कळवलं आहे. घरातली अर्धी बाटली धाकट्याला पाजण्याआधी लेबल वाचा.

आणि खाज आली, सूज आली की दोष हिस्टामिनचाच असं नाही. गाजरगवतानं हातामानेला उठणारा इसब वेगळ्या, सावकाश चालणाऱ्या प्रतिकारातून येतो, तिथे ही गोळी फार तर रात्रीची झोप देते. विंचू चावला तर शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं, त्यावर प्राझोसिन चालतं. हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातले. मधमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शननंतर श्वास कोंडला, ओठ-जीभ सुजली, गरगरलं, तर गोळी शोधत बसू नका. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, तेव्हा दवाखाना गाठा.

आता सोयाबीन. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरून जात. असे २६ दिवस नोंदले गेले. कारण कळत नव्हतं. जोसेप अँतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या. १९८५ आणि १९८६ मधल्या प्रत्येक उद्रेकाच्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं. एका सायलोला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. सोयाबीनच्या टरफलातली प्रथिनं वाऱ्यावर शहरभर पसरत होती. गाळण्या बसवल्या आणि उद्रेक थांबले. शहराला गोळ्या वाटून ते झालं नसतं.

लातूरच्या आडतीत पोतं रिकामं करणाऱ्या हमालाच्या आणि खळ्यावर गुळी उडत असताना खाली उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात हीच टरफलं जातात. त्यामुळे आमच्या वाचकांना सांगणं असं: यंत्र असं लावा की वारा तुमच्या पाठीकडून येईल आणि भुसकट पुढे जाईल. उपरण्यापेक्षा एन-९५ मास्क बरा. घरी आलं की आंघोळ करून कपडे बदला. चिठ्ठी नवी करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की काम यंत्रावरचं आहे, म्हणजे ते फेक्सोफेनाडिनचा किंवा नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेचा विचार करतील. नाक चोंदण्याचा त्रास जास्त असेल तर स्प्रे गोळीपेक्षा सरस ठरतो, फक्त तो राशीच्या आठवडाभर आधी सुरू करायला हवा. शिंकांबरोबर छातीत घरघर किंवा धाप असेल तर तो दमा आहे का ते तपासून घ्या. त्यावर अँटीहिस्टामिन हे औषध नाही. आणि वडिलांची गोळी वडिलांनी तरी चालू ठेवावी का, हेही त्याच फेरीत विचारून या.