चार, तीन, दोन, शून्य

टेप सपकन वर उडते आणि चार इंजिनं एकाच वेळी किंचाळतात. मागच्या चाकांनी उडवलेली लालसर माती तिरकी वर जाते, पहिल्या वळणापाशी चौघं एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून आत घुसतात. लाल, निळं, पांढरं, पिवळं. एवढ्या वेगात चेहरे दिसत नाहीत, पाठीवरचा देश वाचता येत नाही. दिसतात ती चार रंगांची हेल्मेटं. लाल आणि निळं एका देशाचं, पांढरं आणि पिवळं दुसऱ्या देशाचं.

पांढरं हेल्मेट सुटलं ते सुटलंच. दुसऱ्या फेरीला त्याच्या मागे वीस मीटर मोकळी जागा आहे. लोक त्याच्याकडे बघून ओरडताहेत. पण माझ्या शेजारी बसलेले आजोबा त्याच्याकडे बघतच नाहीत. त्यांच्या मांडीवर कार्यक्रमपत्रिका आहे, हातात बॉलपेन, आणि डोळे शेवटच्या दोघांवर. तिथे पिवळं हेल्मेट निळ्याला गाठायला बघतंय. आतून जातं, जागा नाही. बाहेरून जातं, माती जाड आहे, चाक घसरतं, पुन्हा मागे. चौथी फेरी, झेंडा, संपलं. सगळा खेळ मिनिटभराचा.

पांढरा पहिला. तो मूठ वर करून प्रेक्षकांसमोरून जातो. आजोबा पत्रिकेच्या चौकटीत आकडे भरतात: पांढऱ्याला चार, लालला तीन, निळ्याला दोन, पिवळ्याला शून्य. मग खाली बेरीज. पाच विरुद्ध चार. शर्यत जिंकणाऱ्या मुलाचा देश हरलेला आहे.

या स्पर्धेचा जीव त्या शून्यात आहे. स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या या मोटरसायकल शर्यतींच्या, नेहमीच्या सामन्यात गुण असतात तीन, दोन, एक, शून्य. तिथे एकटा पहिला आणि त्याचा जोडीदार शेवटचा आला तरी बरोबरी होते. इथे, स्पीडवे ऑफ नेशन्सच्या एकवीस वर्षांखालच्या गटात, चार-तीन-दोन-शून्य चालतं. नऊ गुण दोन संघांत वाटायचे, म्हणून बरोबरी होऊच शकत नाही. निकाल तीनच: सात-दोन, सहा-तीन, नाहीतर आत्ता झाला तसा पाच-चार. दुसरा आणि तिसरा मिळून पहिल्याला हरवू शकतात. ज्याने हे गुण ठरवले त्याला मुलांना काय शिकवायचं हे पक्कं ठाऊक असणार.

मँचेस्टरमधला जुलैतला शुक्रवार. रात्रीचे आठ वाजून गेलेत, तरी ऊन स्टँडच्या छपराखालून तिरकं आत येतंय. नॅशनल स्पीडवे स्टेडियम 2016 साली उघडलं. इथला ट्रॅक 347 मीटरचा, वळणं रुंद, त्यामुळे ओव्हरटेक करायला जागा मिळते. इंग्लंडमधले स्पीडवेवाले या ट्रॅकचं नाव प्रेमानं घेतात. आज इथे सात देश आहेत. प्रत्येक देशाची जोडी उरलेल्या सहाही जोड्यांशी एकेकदा भिडणार, म्हणजे एकवीस शर्यती. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांची एक शर्यत, आणि तिच्यातून वर येणारी जोडी पहिल्या क्रमांकाच्या जोडीसमोर उभी राहणार.

वाऱ्याबरोबर एक वास येतो आणि मी चमकतो. जळलेलं एरंडेल. आपल्याकडे पोट साफ करायला देत ते एरंडेल मोटरसायकलच्या इंजिनात वंगण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलंय, कारण मिथेनॉलवर चालणाऱ्या तापट इंजिनाला ते मानवतं. आजोबा डोळे मिटून वास घेतात. ते हाइड रोडच्या काळापासूनचे. बेल व्ह्यू या इथल्या स्पीडवे क्लबचं जुनं मैदान हाइड रोडला, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात होतं. 1987 च्या हंगामानंतर ते गेलं. आजोबा त्या ट्रॅकबद्दल बोलतात तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

मध्ये ट्रॅक्टर येतो. दर चार-पाच शर्यतींनंतर तो माती ओढून सारखी करतो, पाण्याचा टँकर मागून फिरतो. हा वेळ मी पिटच्या कुंपणाशी जाऊन उभं राहण्यात घालवतो.

इथून यंत्रं जवळून दिसतात. 500 सीसीचं एक सिलिंडर, एकच गिअर. वजन सत्त्याहत्तर किलोपेक्षा कमी चालत नाही, पण त्याहून फार जास्तही कुणी ठेवत नाही. ब्रेक नाहीत. पुढे नाही, मागे नाही, नियमानंच नाहीत. पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस पाहिलेल्यांना मातीतली मोटरसायकल म्हणजे उड्या आठवतील. इथे उडी नाही. इथे मोटरसायकल आडवी करायची. वळण डावीकडे, पुढचं चाक उजवीकडे वळवलेलं, मागचं चाक फिरत फिरत बाहेर सरकतंय, आणि डावा पाय जमिनीवर. त्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो, तो मातीवर घासत जातो. वेग आणि दिशा दोन्ही उजव्या मनगटात. थ्रॉटल थोडा जास्त पिळला तर मागचं चाक पार फिरून येतं. घाबरून एकदम सोडला तर चाकाला अचानक पकड मिळते आणि यंत्र माणसाला वर फेकून देतं. भीती वाटली तरी हात स्थिर ठेवायचा, हे इथे सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकावं लागतं.

माझ्या समोरच तो मघाचा पांढऱ्या हेल्मेटवाला. हेल्मेट काढलंय, गालावर माती, हनुवटीवर नुकती फुटलेली दाढी. जिंकून आलाय, पण त्याच्याभोवती कुणी नाचत नाही. मेकॅनिक मागचा टायर काढून उलटा बसवतोय, म्हणजे न झिजलेली कड वापरात येईल. एकजण क्लचच्या प्लेटा तपासतोय. शेजारच्या खणात पिवळ्या हेल्मेटवाला खाली बसलाय, मान गुडघ्यांत. शून्य त्याच्या नावावर लागलंय.

पांढऱ्यावाला जातो, त्याच्यासमोर उकिडवा बसतो आणि बोटानं काँक्रीटवर वळण काढतो. भाषा मला कळत नाही. हात कळतात. इथून सुटलास की एवढं बाहेर येऊ नकोस, माती तिथे साचलीय खरी पण ओली आहे, अजून एक फेरी आत थांब, मग जा. पिवळ्यावाला मान वर करतो, त्याच्या बोटावर बोट ठेवून रेघ थोडी पुढे नेतो. मग दोघं उठतात आणि मेकॅनिकला काहीतरी सांगतात. मागचं दातेरी चाक बदललं जातं. एक-दोन दात्यांचा फरक, पण वळणातून बाहेर पडताना तोच कामाला येतो.

हे पाहून मला कळतं की आज मी काय बघायला आलोय. ट्रॅकवर कुणी कुणाशी बोलू शकत नाही. ना रेडिओ, ना थांबा. जोडी व्हायची ती इथे, या पंधरा-वीस मिनिटांत.

ज्युनिअर संघांची जागतिक स्पर्धा 2005 साली चेक प्रजासत्ताकातल्या पार्डुबित्सेला सुरू झाली. तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं चार देशांचे संघ असत आणि प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एकच मुलगा. संघ असला तरी ट्रॅकवर तो एकटाच. पोलंडनं पहिली पाचही वर्षं ती जिंकली. 2010 ला डेन्मार्कनं ती साखळी तोडली, पुढच्या वर्षी रशियानं, पण पोलंड परत परत वर आलं. 2022 पासून जोडीचा हा प्रकार आला. माझ्या मते हा बदल फार चांगला झाला. मुलगा जोरात चालवतो हे जुन्या प्रकारात दिसायचं. तो मागे वळून बघतो का, हे आता दिसतं.

पोलंडचं रहस्य गुपित नाही. तिथल्या लीगमध्ये प्रत्येक संघाला ज्युनिअर रायडर उतरवावेच लागतात, आणि सामन्याची दुसरी शर्यत असते फक्त ज्युनिअर मुलांची. भरलेल्या स्टेडियममध्ये, सगळं गाव बघत असताना, सतरा वर्षांचा मुलगा टेपपाशी उभा राहतो. त्यामुळे क्लबला मुलं घडवावीच लागतात. छोट्या यंत्रांवरच्या शाळा चालवाव्या लागतात. बार्तोश झ्मार्झलिक त्याच वाटेनं आला: 2015 ला ज्युनिअर जगज्जेता, 2019 ला मोठ्यांचा, आणि मग पुन्हा पुन्हा. त्याचं कौतुक सगळे करतात. मला त्या दुसऱ्या शर्यतीचा नियम करणाऱ्यांचंही तेवढंच करावंसं वाटतं.

इंग्लंडकडे प्रतिभा नाही असं नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये याच मातीवर डॅन ब्युली आणि रॉबर्ट लँबर्ट यांनी ब्रिटनला मोठ्यांचं संघविजेतेपद मिळवून दिलं, 1989 नंतर पहिल्यांदा. पण ट्रॅक कमी होत चाललेत. पीटरबरो, वुल्व्हरहॅम्प्टन, दोन्ही 2023 मध्ये बंद झाले. जमीन विकली जाते, घरं होतात, आणि चौदा वर्षांच्या एखाद्या पोराला सरावासाठी दोन-तीन तास गाडीत बसावं लागतं. हे नुकसान पदकांच्या तक्त्यात लगेच दिसत नाही. दहा वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

भोंगा वाजतो. दोन मिनिटं. दोन मिनिटांत टेपपाशी पोचलं नाही तर शर्यत गेली. मी जागेवर परत येतो.

पुढची शर्यत सुरू होते ना होते तोच पहिल्या वळणावर निळं हेल्मेट खाली जातं. पुढच्या चाकाची पकड सुटली असावी. त्याच्या मनगटाला बांधलेली दोरी ओढली जाते, इंजिन तत्क्षणी बंद पडतं, यंत्र गोल फिरत कुंपणाकडे घसरतं. मागून येणारं पिवळं हेल्मेट स्वतःलाच आडवं पाडतं. जाणूनबुजून. ब्रेक नाहीत, वळायला जागा नाही, समोर माणूस पडलाय. मग उरतो तो एकच उपाय, आपणही पडायचं. दोघंही हवेनं फुगवलेल्या कुंपणात जाऊन रुततात. लाल दिवे लागतात. स्टँडमधला आवाज एकदम थांबतो.

आजोबांनी टोपी काढून हातात घेतलीय. पीटर क्रेव्हन, ते म्हणतात, एवढंच. मला ते नाव माहीत आहे. बेल व्ह्यूचा छोट्या चणीचा रायडर, 1955 आणि 1962 चा जगज्जेता. 1963 च्या सप्टेंबरमध्ये एडिनबरोला समोर पडलेल्या रायडरला चुकवताना तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. वय एकोणतीस. तेव्हा हवेचं कुंपण नव्हतं.

निळा उठून बसतो. पिवळा आधीच उभा आहे, त्याला हात देतोय. दोघं वेगवेगळ्या देशांचे. डॉक्टर दोघांच्या डोळ्यांसमोर बोट फिरवतात, काही विचारतात, मान हलते. टाळ्या सुरू होतात त्या पूर्ण स्टँडभर. आजोबा टोपी घालतात आणि पत्रिकेत निळ्याच्या चौकटीत फुली मारतात. पुन्हा सुरुवात होणार, पण पडलेल्यामुळे शर्यत थांबली म्हणून निळा बाहेर. नियम कठोर आहे आणि बरोबर आहे, नाहीतर मागे पडणारा कुणीही आडवा होऊन शर्यत पुन्हा मागेल.

ऊन गेलं, दिवे लागले. दिव्यांखाली उडणारी माती गुलाबी दिसते. शर्यती आता पटापट होताहेत आणि मी आकडे लक्षात ठेवायचं सोडून दिलंय, ते आजोबा सांगतातच. मी वाट बघतोय मघाच्या जोडीची.

ते येतात तेव्हा या वेळी त्यांची हेल्मेटं लाल आणि निळी आहेत, पण लाल हेल्मेटवाल्याची बसण्याची ढब मी आता ओळखतो: पाठ सरळ, डावा खांदा किंचित खाली. तोच मघाचा पांढरा. टेप उडते. तो पुन्हा सगळ्यांच्या आधी सुटतो. निळा तिसरा. दुसऱ्या वळणातून बाहेर येताना लाल डोकं वळवून मागे बघतो. ताशी शंभरच्या पुढे असताना, एका क्षणासाठी. मग तो चक्क मंदावतो. थ्रॉटल किंचित सोडून ट्रॅकच्या मधोमध येतो आणि मागच्या पांढऱ्या हेल्मेटची बाहेरची वाट अडवतो. पांढरा आत वळायला जातो, तेवढ्यात निळा आतली ओळ धरून त्याच्या पुढे सरकतो. मघाशी काँक्रीटवर बोटानं काढलेली तीच ओळ. अजून एक फेरी आत थांब.

आता दोघं पुढे, शेजारी शेजारी, मध्ये हात जाईल एवढी फट. मागचे दोघं उजवीकडून बघतात, डावीकडून बघतात, वाट नाही. शेवटच्या सरळ पट्टीवर लाल पुन्हा एकदा बाजूला बघतो आणि निळ्याला अर्धं चाक पुढे जाऊ देतो. झेंडा.

"सात-दोन," आजोबा म्हणतात आणि निळ्याच्या चौकटीत चार, लालच्या चौकटीत तीन लिहितात. मग पेनानं त्या तीनभोवती गोल काढतात. बाकी कुठल्याही आकड्याभोवती त्यांनी गोल काढलेला नाही.

एकवीस शर्यती संपल्यात. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची शर्यत आहे आणि ही जोडी तिच्यात आहे. मी पुन्हा पिटच्या कुंपणाशी धावतो, गर्दीतून वाट काढत. दोन्ही यंत्रं सुरू झाली आहेत, मेकॅनिक मागचं चाक उचलून धरून गरम करताहेत. दोघं मुलं एकमेकांच्या हेल्मेटला हेल्मेट लावून ओरडताहेत, कारण या आवाजात नाहीतर काही ऐकू जाणार नाही. आतली जागा कुणी घ्यायची यावरून चाललंय हे हातांवरून स्पष्ट आहे. मोठा, मघाचा पांढरा, आतल्या जागेकडे बोट दाखवून धाकट्याच्या छातीवर टिचकी मारतो: तू. धाकटा मान हलवतो: नाही, तू. भोंगा वाजतो. दोन मिनिटं. दोघं अजून भांडताहेत.