टाकाऊ पोळ्यातून घरची मेणबत्ती



वीज गेली की घरात पहिली शोधाशोध होते ती मेणबत्तीची. दुकानातली पांढरी मेणबत्ती बहुधा पॅराफिनची असते, म्हणजे जमिनीतल्या खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची. पण ‘मेण’ हा शब्द आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तो मधमाशीच्या मेणाचा. आपल्या आज्यांच्या फणेरपेटीत कुंकवाशेजारी मेणाची छोटी डबी असायची. कपाळाला आधी बोटाने मेण लावायचे आणि त्यावर कुंकू टेकवायचे, म्हणजे ते दिवसभर टिकायचे. जोडे शिवणारे कारागीर दोऱ्याला तेच मेण चोळत.

आज मात्र मध पिळून झाला की उरलेला चोथा थेट उकिरड्यावर जातो. हा चोथा म्हणजेच मेण! त्यापासून पिंपळवंडीच्या कोणत्याही घरात, चुलीवर, छोट्या मेणबत्त्या करता येतात. त्या कशा करायच्या ते पुढे दिले आहेच. पण मेणासाठी किंवा मधासाठी मोहोळ जाळू नये, हे त्याआधी सांगायचे आहे.

मेण येते कुठून?

कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथी असतात. त्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे पाझरतात, ते चावून मऊ करून माशी षटकोनी घरे बांधते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण 6 ते 8 किलो मध खावा लागतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे मधापेक्षा मेण महाग, आणि आपण टाकतो ते नेमके तेच.

आपल्या भागात तीन जातींच्या माश्या ओळखीच्या आहेत. आग्या मोहोळ उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, शिवनेरीसारख्या कड्याला लागते. त्याचे उघड्यावर एकच मोठे पोळे असते. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते आणि पेटीत पाळता येते. फुलोरीचे पोळे तळहाताएवढे, बांधावरच्या झुडपात असते.

पोळे कोणते घ्यावे?

आग्या माशी एका जागी बारा महिने राहत नाही. पावसाळा सरला की पठारावर येते, आणि फुलोरा संपला, उन्हाळा वाढला की पोळे तसेच सोडून निघून जाते. हे सोडलेले पोळे आपले. चार-पाच दिवस लांबून पाहावे. एकही माशी दिसत नसेल आणि पोळे हाताच्या उंचीवर असेल किंवा खाली पडले असेल, तरच घ्यावे. त्यासाठी उंच झाडावर चढू नये. उशीरही करू नये, कारण रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरतो आणि थोड्याच दिवसांत त्याची भुकटी करतो. सातेरीच्या पेट्या पाळणाऱ्याकडे जुनी काढलेली पोळी असतातच, ती मागून घ्यावीत.

भरलेले मोहोळ रात्री पाचटाचा टेंभा लावून उतरवायची रीत अजून काही ठिकाणी दिसते. त्यात हजारो माश्या आणि पिल्ले जळून मरतात. वर ठिणगी उडाली तर शेजारच्या उसाला आग लागायला वेळ लागत नाही. कोणी म्हणेल, “उसाला कुठं माशी लागती?” खरे आहे, उसाला लागत नाही. पण आपल्या वावरात नुसता ऊस नसतो. कांद्याचे बी धरायचे तर गोंडे फुलल्यावर माशी हवी. काकडी, दोडका, कारले, भोपळा यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात, तिथे परागकण माशीनेच न्यावे लागतात. आग्या माश्या पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच झाडावर परत येतात. एक मोहोळ जाळले की पुढच्या सालाचे हे फुकटचे गडी आपणच गमावतो.

जंगलातून पोळे आणायचे असेल तर आधी वनखात्याला विचारावे. भीमाशंकर हे 1985 सालापासून अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय काही उचलू नये.

मेण गाळण्याची रीत

1. पोळ्याचे तुकडे करून रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावेत. उरलेला मध आणि घाण सुटते.

2. तुकडे जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या फडक्यात सैल बांधावेत. पुरचुंडीत एक धुतलेला दगड ठेवावा, म्हणजे ती तळाशी राहते.

3. जर्मनच्या जुन्या पातेल्यात पाणी घेऊन पुरचुंडी त्यात बुडवावी आणि मंद आचेवर ठेवावी. तांब्या-पितळेचे किंवा लोखंडी भांडे वापरू नये, त्यात मेण काळपट होते. पातेले पुन्हा स्वयंपाकाला चालणार नाही, ते याच कामासाठी वेगळे ठेवावे.

4. मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा पाणी खळखळा उकळू देऊ नये. मेण फडक्यातून झिरपून पाण्यावर तरंगते. लाकडी पळीने पुरचुंडी अधूनमधून दाबावी.

5. पुरचुंडी बाहेर काढून पातेले झाकावे आणि रात्रभर हलवू नये. सकाळी पाण्यावर पिवळ्या मेणाची भाकरी जमलेली दिसेल. तिच्या खालच्या बाजूचा गाळ सुरीने खरवडून टाकावा.

जुने काळे पोळे दिसायला मोठे असले तरी त्यातून मेण कमी निघते, हे लक्षात ठेवावे. फिकट पोळ्यातून जास्त आणि स्वच्छ मिळते.

वात

सावरीचा कापूस रानात फुकट मिळतो, पण त्याचे धागे आखूड आणि गुळगुळीत असतात, पीळ धरत नाही. साध्या कापसाचे सूत घ्यावे. तीन पदरी वेणी घातली तर वात सरळ जळते. मधमाशीचे मेण जड, त्यामुळे वात दुकानी मेणबत्तीपेक्षा थोडी जाड हवी. वितळलेल्या मेणात बुडवून ती ताणून सुकवावी.

मेणबत्ती वळणे

सगळ्यात सोपी रीत हाताची. मेणाचा तुकडा कोमट पाण्यात ठेवून कणकेसारखा मऊ करावा, पुसून कोरडा करावा, वातीभोवती दाबावा आणि पोळपाटावर लाटून बोटाएवढी वळकटी करावी. पोरांनाही हे जमते.

ओतून करायची असेल तर बांबूचे एक पेर उभे चिरून, आतून तेलाचा हात लावून, दोन्ही फाकी दोऱ्याने बांधाव्यात. पपईच्या पानाचा पोकळ देठही साचा म्हणून चालतो. मेण थिजले की देठ सोलून काढायचा. वात मधोमध ताणून धरावी आणि मेण सावकाश ओतावे. काही न जमल्यास मातीची पणती आहेच. करवंटीत मात्र मेणबत्ती शेवटपर्यंत जळू देऊ नये, करवंटीच पेट घेते.

बारीक मेणबत्तीला तासाला साधारण 3 ते 5 ग्रॅम मेण लागते. म्हणजे 10 ग्रॅमची बोटभर मेणबत्ती दोन तास उजेड देते.

सांभाळून

ओतण्यासाठी मेण वितळवताना डबा थेट आचेवर ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवावे. मेण फार तापले तर पेट घेते. पेटलेच तर त्यावर पाणी टाकू नका, भडका उडून अंगावर येतो. झाकण ठेवावे किंवा कोरडी माती टाकावी.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या पाचटाच्या असतात. तिथे उघडी मेणबत्ती, मग ती कशाचीही असो, लावू नये. तिथे बॅटरीच बरी.

करंज आणि ऊस

रानातला दुसरा उजेड करंजाचा. ओढ्याच्या आणि रस्त्याच्या कडेला करंज असतो, त्याच्या बियांत भरपूर तेल असते. पण ते पातळ, त्याची मेणबत्ती होत नाही, पणतीत जाळता येते. ते कडू आणि विषारी असल्याने खाण्याच्या तेलापासून दूर ठेवावे.

आणि एक गंमत. उसाच्या कांडीवर, पेराजवळ, पांढरी पूड असते ना, तीही मेणच आहे! उसातले पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. गाळपात ते मेण रसाबरोबर येते आणि रस साफ करताना बरेचसे प्रेसमडमध्ये जाते. हे मेण मधमाशीच्या मेणापेक्षा कडक असते. पण ते काढायला रसायने लागतात, ते कारखान्याचे काम. घरी त्याच्या नादी लागू नये, प्रेसमड शेतातच घालावे.

शिकायचे असेल तर

पुण्यात 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वरजवळचे मांघर हे 2022 साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. डोंगरातल्या एका लहान गावाने सातेरीच्या पेट्यांवर नाव मिळवले. आपल्याकडे तर पाणी आहे, फुलोरा आहे, भाजीपाला आहे. बांधावर चार पेट्या ठेवायला काय हरकत आहे?

तोवर एवढे करावे. माश्यांनी सोडलेले पोळे उचलावे, भरलेल्याला हात लावू नये. यंदाच्या दिवाळीत देवापुढे एक तरी मेणबत्ती घरची लागू द्या. ती मंद पिवळी जळते आणि घरात मधाचा वास दरवळतो.