गांबिया : सीमेवर जगणारा देश

आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश म्हणजे गांबिया. पश्चिमेला अटलांटिक महासागराचा जेमतेम ८० किलोमीटरचा किनारा आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना सेनेगल, अशा वेढ्यात असलेला हा देश पूर्व-पश्चिम ३०० किलोमीटरांहून अधिक लांब असला, तरी त्याची रुंदी बहुतेक ठिकाणी २५ ते ५० किलोमीटरच भरते. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केल्यास होते त्याहूनही कमी. लोकसंख्या २०२४ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी तो स्वतंत्र झाला, तेव्हा तो फार काळ तग धरेल असे अनेक जाणकारांना वाटत नव्हते, आणि बर्कली राइस या अमेरिकी लेखकाने १९६७ मध्ये त्याच्या जन्मावर लिहिलेल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात त्याला ‘असंभवनीय राष्ट्र’ म्हटले होते. तरीही तो टिकला. कसा टिकला याचा शोध घेतल्यास असे दिसते की, या देशाने उपजीविकेची साधने जमिनीतून जेवढी मिळवली तेवढीच सीमेतूनही मिळवली, आणि राज्य चालवण्यासाठी लागणारे जे जे स्वतःजवळ नव्हते ते बाहेरून उसने आणले.

देशाचे नाव, आकार आणि अस्तित्व हे सारे गांबिया नदीमुळे आहे. गिनीतील फूटा जालों या पठारी प्रदेशात उगम पावणारी ही नदी सुमारे १,१०० किलोमीटर वाहून बांजुल या राजधानीजवळ समुद्राला मिळते. देशाची भूमी इतकी सखल आहे की नदीच्या पात्राला उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे भरतीचे पाणी फार आतवर शिरते आणि कोरड्या ऋतूत मुखापासून सुमारे २०० किलोमीटरपर्यंत नदी खारी होते. पाऊस जून ते ऑक्टोबर या काळातच पडतो, आणि तो खारेपणा मागे रेटतो तेव्हाच खालच्या टप्प्यातील दलदलीत भात लावता येतो. कोकणातील खाजण जमिनी कसणाऱ्यांना हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नदीच्या या भागात दोन्ही तीरांवर कांदळवने आहेत, आणि बांजुलजवळच्या तान्बी पाणथळीत ओहोटीच्या वेळी होड्यांतून गेलेल्या स्त्रिया कांदळाच्या मुळांना चिकटलेली कालवे काढून, ती शिजवून व धुरावर वाळवून विकतात. तीरापासून दूरच्या किंचित उंच जमिनीवर वालुकाश्म आणि त्यावर जांभ्याचा थर आढळतो. तेथे भुईमूग, बाजरी आणि ज्वारी ही पिके होतात. मांडिंका या सर्वांत मोठ्या जनसमूहात कामाची विभागणी परंपरेने अशी झाली की, दलदलीतील भात स्त्रियांकडे आणि माळावरचा भुईमूग पुरुषांकडे आला. परिणामी घरातील अन्न स्त्रियांच्या कष्टातून आणि रोख पैसा पुरुषांच्या हाती, असा असमतोल निर्माण झाला आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही.

या नदीवर युरोपीय सत्तांची दृष्टी फार पूर्वीपासून होती. आजच्या लाटव्हियातील कूरलँड या चिमुकल्या डचीने, म्हणजे ड्यूकच्या संस्थानाने, १६५१ मध्ये नदीच्या मुखाजवळील बेटावर किल्ला बांधला होता, ही वसाहतवादाच्या इतिहासातील विसरली गेलेली गमतीची बाब आहे. १६६१ मध्ये ते बेट इंग्रजांनी घेतले, आणि पुढे दीड शतक तेथून गुलामांचा व्यापार चालला. आज कुंटा किंते बेट या नावाने ओळखले जाणारे हे स्थळ २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यावर नदीच्या मुखावर पहारा ठेवण्यासाठी १८१६ मध्ये बाथर्स्ट हे ठाणे वसवण्यात आले. तेच आजचे बांजुल.

सभोवतालचा सारा प्रदेश मात्र फ्रेंचांच्या हाती जात होता. दुसरी एखादी वसाहत घेऊन गांबिया फ्रान्सला देऊन टाकावा, असा विचार लंडनमध्ये १८७० च्या दशकात गंभीरपणे झाला, पण व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. अखेर १८८९ मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या करारात नदीच्या दोन्ही तीरांपासून सुमारे दहा-दहा किलोमीटरांवर सीमारेषा ठरली. नदीतील ब्रिटिश युद्धनौकांच्या तोफा जेथवर पोहोचत तेथवर हा देश पसरला, अशी कथा सांगितली जाते. ती दंतकथाच मानावी, परंतु रेषा आखणाऱ्यांची मनोवृत्ती तिच्यातून अचूक कळते. मांडिंका, फुला, वोलोफ आणि जोला हे समूह या रेषेच्या अलीकडे-पलीकडे राहत होते. त्यांना विचारण्याचे कारण कोणाला वाटले नाही. अलीकडच्यांची राजभाषा इंग्रजी झाली, पलीकडच्यांची फ्रेंच.

ब्रिटिश राजवटीने येथे लोहमार्ग बांधला नाही, कारखाने उभारले नाहीत. उभा केला तो भुईमूग. १८३० च्या दशकात सुरू झालेली त्याची निर्यात काही वर्षांतच इतकी वाढली की वसाहतीचा महसूल या एका पिकावर अवलंबून राहू लागला, आणि विशेष म्हणजे या ब्रिटिश वसाहतीतील शेंगांचे मोठे गिऱ्हाईक फ्रान्समधील तेल व साबणाचे कारखानदार होते. स्वातंत्र्यानंतरही शेंगदाणाच मुख्य पीक राहिला. सरकार दरवर्षी खरेदीचा भाव जाहीर करते, परंतु सीमेपलीकडे सेनेगलमध्ये भाव चढा असला की माल रातोरात तिकडे जातो, आणि भाव पडला की प्रवाह उलटतो. त्यामुळे गांबियाचे कृषिधोरण काही अंशी सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये ठरते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. अलीकडे काजूनेही जागा मिळवली आहे. येथील कच्ची काजूबी भारत आणि व्हिएतनामकडे जाते, आणि पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या अशा बीवर कोकण-गोव्यातील काजू कारखान्यांचाही गाडा काही प्रमाणात चालतो.

सीमेने दिलेला दुसरा धंदा म्हणजे पुनर्निर्यात, म्हणजेच परदेशी माल आयात करून त्यावर प्रक्रिया न करता तो शेजाऱ्यांना विकणे. सेनेगलने आपल्या उद्योगांच्या रक्षणासाठी आयातकर चढे ठेवले आणि गांबियाने उतरते. मग बांजुल बंदरात उतरलेला तांदूळ, साखर, चहा आणि कापड सेनेगल, माली, गिनी येथे जाऊ लागले. या व्यापाराला कायदेशीर म्हणायचे की चोरटा, हे कोणत्या बाजूने पाहावे त्यावर ठरते. प्रादेशिक करारांमुळे शेजारी देशांचे कर जसजसे एकसारखे झाले, तसतसा हा नफा आटत गेला. तिसरे साधन पर्यटनाचे. १९६५ मध्ये स्वीडनमधून पहिले मोठे पर्यटकपथक आले, आणि तेव्हापासून नोव्हेंबर ते एप्रिल या काळात युरोपच्या थंडीला कंटाळलेली मंडळी येथे येतात. परंतु २०१४ मध्ये इबोलाची साथ गांबियात शिरलीही नसताना पर्यटकांनी पाठ फिरवली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश सहल कंपनी बुडाली तेव्हा येथील हंगाम धोक्यात आला. परदेशी गेलेल्या गांबियन लोकांनी घरी धाडलेला पैसा आज देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या भागाहून अधिक आहे. त्यासाठी हजारो तरुण सहारा ओलांडून किंवा साध्या होड्यांतून स्पेनच्या दिशेने निघतात आणि त्यांपैकी कित्येक परतत नाहीत. या मार्गाला तेथे सगळेच ‘बॅकवे’ म्हणतात.

सीमेचा जाच सेनेगललाही होतो. त्याचा दक्षिणेकडील कासामांस हा सुपीक प्रांत गांबियामुळे राजधानी डाकारपासून तुटलेला आहे, आणि अनेक दशके तेथे जाणारे मालमोटारींचे ताफे फाराफेनीजवळ तरीसाठी तासन्‌तास, प्रसंगी दिवसच्या दिवस अडकत. २१ जानेवारी २०१९ रोजी तेथे ९४२ मीटर लांबीचा सेनेगांबिया पूल खुला झाला. दोन्ही देशांनी एकत्र यावे, हा विचार मात्र पुलाइतका भक्कम ठरला नाही. जुलै १९८१ मध्ये अध्यक्ष दावदा जावारा लंडनला राजपुत्र चार्ल्स यांच्या विवाहासाठी गेले असता बंड झाले, ते सेनेगलच्या सैन्याने मोडले, आणि त्यानंतर १९८२ मध्ये सेनेगांबिया हा राज्यसंघ स्थापन झाला. परंतु करप्रणाली एक करण्यावर, म्हणजे नेमक्या पुनर्निर्यातीच्या प्रश्नावर, घोडे अडले आणि १९८९ मध्ये तो संघ मोडला.

गांबिया हे १९७० पासून अध्यक्षीय प्रजासत्ताक आहे. अध्यक्ष पाच वर्षांसाठी थेट मतदानाने, साध्या आघाडीने निवडला जातो. राष्ट्रीय सभेत ५८ सदस्य असून त्यांपैकी ५३ निवडून येतात व पाच अध्यक्ष नेमतात. गावचा प्रमुख ‘अल्कालो’ आणि जिल्ह्याचा प्रमुख ‘सेफो’ ही जुनी पदे स्थानिक कारभारात टिकून आहेत, आणि जवळजवळ ९५ टक्के लोक मुसलमान असल्याने विवाह, घटस्फोट व वारसा यांसाठी काझींची न्यायालये आहेत. पण या व्यवस्थेतील सर्वांत लक्षवेधक बाब म्हणजे मतदान. १९६० च्या दशकात बहुसंख्य मतदार निरक्षर असल्याने कागदी मतपत्रिकेऐवजी काचेच्या गोट्यांची पद्धत आली. प्रत्येक उमेदवारासाठी त्याच्या पक्षाच्या रंगात रंगवलेले व त्याचे छायाचित्र लावलेले धातूचे पिंप पडद्याआड ठेवलेले असते. मतदाराला एक गोटी मिळते, ती त्याने पिंपाच्या तोंडावरील नळीत सोडली की आत बसवलेल्या घंटीवर आपटून टण्‌ असा आवाज होतो, आणि तळाशी भुसा किंवा वाळू असल्याने पुढे दुसरा आवाज येत नाही. दोनदा घंटी वाजली तर बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यांना लबाडी लगेच कळते, म्हणून मतदानकेंद्राजवळ सायकलच्या घंटीलाही मनाई असते. मोजणीच्या वेळी गोट्या दोनशे किंवा पाचशे खळगे असलेल्या तबकांत ओततात. तबक भरले की आकडा कोणालाही दिसतो. उमेदवार वाढले की पिंपेही वाढतात, हीच काय ती या पद्धतीची अडचण.

या गोट्यांनी एक हुकूमशहा घालवला. २२ जुलै १९९४ रोजी लेफ्टनंट याह्या जामे यांनी जावारांना पदच्युत केले आणि पुढील बावीस वर्षे धाक, छळ व अटकसत्र यांच्या जोरावर राज्य केले. स्वतःजवळ एड्सवर औषध असल्याचाही दावा त्यांनी २००७ मध्ये केला. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत मात्र संयुक्त विरोधी आघाडीचे अदामा बॅरो यांना सुमारे ४३ टक्के आणि जामे यांना सुमारे ४० टक्के मते पडली. जामे यांनी आधी पराभव मान्य केला, आठवड्याने तो नाकारला आणि निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पण देशात पुरेसे ज्येष्ठ न्यायाधीश नसल्याने ते नायजेरिया, सिएरा लिओन येथून आणण्याचा प्रघात होता, आणि जामे यांनीच बहुतेकांना पूर्वी घरी पाठवले असल्याने त्यांचा अर्ज ऐकायला न्यायपीठच उरले नव्हते. बॅरो यांनी १९ जानेवारी २०१७ रोजी डाकारमधील गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली, पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेचे सैन्य सीमा ओलांडून आले, आणि दोन दिवसांनी जामे इक्वेटोरियल गिनीला निघून गेले.

असे उसने आणणे इतर क्षेत्रांतही दिसते. विजेचा काही भाग सेनेगलकडून येतो. राष्ट्रीय सभेची इमारत भारताने दिलेल्या कर्जातून उभी राहिली. २०२२ मध्ये मूत्रपिंडे निकामी होऊन साठाहून अधिक बालके दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. भारत सरकारने हा संबंध मान्य केला नाही. औषधांची तपासणी करणारी प्रयोगशाळाच गांबियाकडे नव्हती, आणि पुढील वर्षी भारतातून निघणाऱ्या औषधांची तपासणी रवाना होण्यापूर्वीच करण्याचे काम त्याने मुंबईतील एका खासगी प्रयोगशाळेकडे सोपवले. दुसरीकडे, रोहिंग्यांच्या वंशसंहाराबद्दल म्यानमारला नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचणारा देशही हाच.

जामे यांच्या काळातील १९९७ ची राज्यघटना मात्र अजून कायम आहे, आणि एका व्यक्तीने किती वेळा अध्यक्ष व्हावे यावर तिच्यात मर्यादा नाही. अशी मर्यादा घालणारा नवा मसुदा सप्टेंबर २०२० मध्ये सभेपुढे आला तेव्हा ३१ मते बाजूने व २३ विरुद्ध पडली, आणि आवश्यक असलेले तीनचतुर्थांश बहुमत न मिळाल्याने तो पडला. बॅरो २०२१ मध्ये पुन्हा निवडून आले. पुढील अध्यक्षीय निवडणुकीसाठी आयोगाने ५ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली असून, तिसऱ्यांदा उभे राहण्यास बॅरो यांना कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.