अल्प उष्णताभार आणि लूप हीट पाइपचे वर्तन

वाहून न्यावयाची उष्णता कमी झाली की उपकरणाचे तापमानही उतरावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. उपग्रहांच्या शीतनव्यवस्थेत वापरल्या जाणाऱ्या लूप हीट पाइपबाबत ती पुष्कळदा खोटी ठरते.

१९७२ साली तत्कालीन सोव्हिएत संघातील उरल पॉलिटेक्निक संस्थेत गेरासिमोव व मायदानिक यांनी हे साधन सिद्ध केले. त्यात पंप नसतो. बाष्पकातील सूक्ष्मछिद्री वात केशाकर्षणाने द्रव ओढते. त्याची वाफ संघनकात पुन्हा द्रवरूप होते आणि प्रतिपूरक कक्षामार्गे वातीकडे परतते. प्रवाह किती असेल, हे अर्थातच भार ठरवितो.

अडचणीचे मूळ येथेच आहे. २०° सेल्सिअसला अमोनियाचा अप्रकट उष्मा किलोग्रॅममागे सुमारे ११८६ किलोज्यूल असतो. म्हणजे १०० वॅट भाराला सेकंदास सुमारे ८४ मिलिग्रॅम द्रव फिरतो, तर १० वॅटला जेमतेम ८.४. परतीच्या नळीत उष्ण परिसरातून १ वॅट शिरला असे गृहीत धरल्यास पहिला प्रवाह सुमारे २.५ अंशांनी तापेल, दुसरा तब्बल २५ अंशांनी. शिवाय बाष्पकातील थोडी उष्णता वातीतून प्रतिपूरक कक्षात सतत झिरपत असते व परतणाऱ्या थंड द्रवाने ती शोषून घ्यावयाची असते. द्रव थोडा, आणि तोही कोमट! साहजिकच कक्ष तापतो, आणि कक्षाचेच तापमान साऱ्या यंत्रणेचे तापमान ठरविते. त्यामुळे भार वाढू लागताच आलेख आधी उतरतो, मग चढतो.

याहून बिकट प्रश्न प्रारंभाचा आहे. बाष्पकाच्या खाचा द्रवाने भरलेल्या असतील, तर उकळण्यासाठी त्या द्रवाला कक्षापेक्षा काही अंश अधिक तापावे लागते. अल्प भारात झिरपणारी उष्णता कक्षालाही बरोबरीने तापविते; आवश्यक तो फरक पडतच नाही आणि प्रवाह सुरू न होता उपकरण तापत राहते. यावर उपाय दोन: बाष्पकावर छोटा प्रारंभतापक बसविणे, अथवा पेल्टियर घटकाने कक्ष थंड करणे. दोहोंना वीज लागते. आणि अल्प भाराची वेळ म्हणजे बहुधा उपग्रहावरील वीजटंचाईचीच वेळ. असे असता केवळ कमाल क्षमतेच्या आकड्यावरून या साधनाची निवड करणे अपुरे होय. किमान किती वॅटला ते खात्रीने सुरू होते, हा आकडाही तितक्याच काटेकोरपणे, आणि खाचा द्रवाने भरलेल्या असतानाच, मोजला गेला पाहिजे.