हृदयाची छायाचित्रे : कोणती तपासणी कशासाठी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हृदयाच्या तपासण्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. साहित्याच्या वर्गात हृदय म्हणजे भावनांचे घर. त्याचा क्ष-किरणांशी काय संबंध? परंतु ज्या घरात आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर उभे राहतात आणि कॉलेजची पायरी चढणारे पहिले आपणच असतो, त्या घरात दवाखान्याचा कागद अखेर आपल्याच हाती दिला जातो. 'तू शिकलेला आहेस, बघ काय लिहिलंय,' असे म्हणून सारे घर आपल्या तोंडाकडे पाहू लागते. कागदावर इको, टी.एम.टी., सी.टी., अँजिओग्राफी असे शब्द असतात आणि प्रत्येक शब्दामागे एक रक्कम उभी असते. मग प्रश्न येतो, 'यातली चांगली कोणती?' हा प्रश्न थोडा बदलून विचारला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. कारण या तपासण्या एकाच प्रश्नाची स्वस्त-महाग उत्तरे नव्हेत. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

रोग कोठे असतो?

हृदय हा मुठीएवढा स्नायू आहे. दिवसाकाठी तो सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. साऱ्या शरीराला रक्त पोहोचविणाऱ्या या स्नायूलाही स्वतःसाठी रक्त लागते, आणि ते त्याला दोन रक्तवाहिन्यांतून व त्यांच्या फांद्यांतून मिळते. हृदयाभोवती त्या मुकुटासारख्या वेढलेल्या असल्याने लॅटिन भाषेतील मुकुट या अर्थाच्या शब्दावरून त्यांना कोरोनरी हे नाव पडले. त्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर. त्यांच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी व चुना साचत जातो आणि वाट अरुंद होते. यालाच आपण 'ब्लॉकेज' म्हणतो.

आता उजनीच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. शंभराहून अधिक किलोमीटरवरून जलवाहिनीने येणारे ते पाणी आपल्या गल्लीत नीट पोहोचते की नाही, हे तपासण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जलवाहिनीची पाहणी करून ती आतून कोठे अरुंद झाली आहे ते बघणे. दुसरा म्हणजे नळाशी उभे राहून पाण्याची धार बघणे. मात्र एकच नळ चालू असताना धार बघून उपयोग नाही. अरुंद वाहिनीतूनही एका नळापुरते पाणी येतेच. साऱ्या गल्लीने एकदम नळ सोडले म्हणजे खरी टंचाई कळते.

हृदयाचेही तसेच आहे. के. लान्स गूल्ड या अमेरिकन संशोधकाने १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की रक्तवाहिनीची रुंदी सुमारे ८५ टक्के कमी होईपर्यंत विश्रांतीच्या वेळचा रक्तप्रवाह फारसा घटत नाही. परंतु गरज वाढते तेव्हा निम्म्या अरुंदीपासूनच प्रवाह तोकडा पडू लागतो. म्हणूनच पायऱ्या चढताना छातीत दाटते आणि बसले की थांबते. म्हणूनच बसल्या जागी काढलेला ई.सी.जी. चांगला आला तरी रोग नाही असे ठरत नाही.

नळाची धार बघणाऱ्या तपासण्या

पहिली इकोची. मानवी कानाला ऐकू न येणारे ध्वनी छातीवरून आत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून हृदयाचे हलते चित्र मिळविले जाते. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली याचा आरंभ केला, तो जहाजाच्या कारखान्यातील, धातूमधले दोष शोधणारे यंत्र वापरून! हृदय किती जोराने रक्त ढकलते, झडपा कशा आहेत, भिंतीचा एखादा भाग हलत नाही काय, हे इकोत दिसते. किरणोत्सर्ग नाही, खर्च त्या मानाने कमी. पण साध्या इकोत ब्लॉकेज दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. व्यायामानंतर अथवा हृदयाची गती वाढविणारे औषध देऊन काढलेला 'स्ट्रेस इको' मात्र रक्ताची टंचाई उघड करू शकतो. कारण रक्त कमी पडलेला भाग नीट आकुंचन पावत नाही.

दुसरी, किरणोत्सारी द्रव्याची. टेक्नेशियम किंवा थॅलियम अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात. जेथे रक्त पोहोचते तेथे ते पोहोचते, आणि विशेष कॅमेरा त्याचे चित्र घेतो. एक चित्र ताणाच्या वेळचे, एक विश्रांतीचे. ताणाच्या चित्रात रिकामी असलेली जागा विश्रांतीच्या चित्रात भरून आली, तर स्नायू जिवंत आहे पण उपाशी आहे. दोन्ही चित्रांत रिकामीच राहिली, तर तेथे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण आहे. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मे होत जाते, त्यामुळे ते फार दिवस साठवून ठेवता येत नाही. या शास्त्राचा आपल्या राज्याशी जुना संबंध आहे : भाभा अणुसंशोधन केंद्राने परळ येथे किरणोत्सर्गी औषधांचे केंद्र १९६३ मध्येच सुरू केले.

तिसरी एम.आर.आय.ची. चुंबकाच्या साहाय्याने घेतलेल्या या चित्रांत क्ष-किरण लागत नाहीत आणि स्नायूतील व्रण फार स्पष्ट दिसतो. पण वेळ व खर्च अधिक, आणि ही सोय मोठ्या शहरांतच सहज मिळते.

जलवाहिनी बघणाऱ्या तपासण्या

येथे प्रथम आठवण होते ती जर्मनीच्या वेर्नर फोर्समान यांची. १९२९ साली या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्याच दंडातील शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांची नळी नकळत कोरोनरी वाहिनीत शिरली व तेथेच रंगद्रव्य सुटले. रोगी दगावेल असे वाटले. पण तो बचावला, आणि त्या अपघातातून आजची कोरोनरी अँजिओग्राफी जन्मास आली. मनगटातून वा जांघेतून नळी घालून केलेली ही तपासणी वाहिनीचे सर्वांत स्पष्ट चित्र देते, आणि गरज पडल्यास त्याच बैठकीत फुगा व स्टेंट घालता येतो. गंभीर गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी जणांना होते. पण ती शून्य नाही.

सी.टी. अँजिओग्राफीत हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन, श्वास रोखायला सांगून, क्षणभरात चित्रे घेतात. हिचे मोठे सामर्थ्य म्हणजे 'रोग नाही' हे ती जवळजवळ खात्रीने सांगते. मर्यादाही आहेत : फार चुना साचला असेल किंवा ठोके अतिशय जलद वा अनियमित असतील तर चित्र धूसर होते; शिवाय मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना दोन्ही अँजिओग्राफींतील रंगद्रव्य जपून द्यावे लागते.

निवड कशी होते?

वाहिनी अरुंद दिसली म्हणजे रक्त कमी पडतेच असे नाही. म्हणून अँजिओग्राफीच्या वेळी काही रुग्णांत दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला, तर अडथळा त्रासदायक समजतात. उलट, नळाची धार चांगली म्हणजे वाहिनी स्वच्छ असेही नाही. पुष्कळदा झटका येतो तो फार अरुंद नसलेल्या जागीच चरबीचा थर फुटून, त्यावर रक्ताची गुठळी झाल्याने.

दोन मोठ्या अभ्यासांनी या विषयावर चांगला प्रकाश टाकला आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ जणांचा अभ्यास झाला. नेहमीच्या तपासणीला सी.टी.ची जोड मिळालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के आढळले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सी.टी. हा काही उपचार नव्हे. चित्रात आरंभीचा रोग दिसल्याने योग्य औषधे वेळेवर सुरू झाली, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. दुसरा अभ्यास २०२० सालचा, ५,१७९ रुग्णांचा. त्यांचा आजार स्थिर होता, पण ताणाच्या चाचणीत रक्ताची टंचाई स्पष्ट होती. त्यांच्यात आधी औषधे देणे आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास करणे, यांत मृत्यू व झटक्यांच्या बाबतीत एकंदर फरक आढळला नाही; छातीतील वेदना मात्र दुसऱ्या मार्गाने अधिक कमी झाली. म्हणजे स्थिर आजारात विचार करायला बहुधा सवड असते. 'आजच निर्णय घ्या' या शब्दांनी घाबरून घरातील दागिने मोडण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते.

अर्थात, हे सारे स्थिर आजाराविषयी झाले. बसल्या जागी छातीत जोराने दुखू लागले, घाम फुटला, दम लागला, डाव्या हातात वा जबड्यात कळ गेली, तर तुलना करीत बसू नये. तत्काळ इस्पितळ गाठावे. तेथे ई.सी.जी. व रक्ततपासणी आधी होते आणि प्रत्येक मिनिटाला मोल असते.

पैशांचा प्रश्न उरतोच. शासनाची जी योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. अँजिओप्लास्टी व बायपाससारखे उपचार तीत येतात. योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो. कोणती तपासणी योजनेत बसते, हे पैसे भरण्यापूर्वी त्याला विचारावे.

मित्रहो, डॉक्टरांची जागा आपल्याला घ्यावयाची नाही. पण कागद हाती आल्यावर तीन प्रश्न आपण नम्रपणे विचारू शकतो. या तपासणीतून नेमके काय कळणार? तिचे उत्तर असे आले किंवा तसे आले, तर उपचार बदलणार काय? याहून सोप्या तपासणीने हेच कळेल काय? हे प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. विषय कोणताही असो, आधी प्रश्न नीट मांडावा आणि मग उत्तर शोधावे, हे आपण कला शाखेत शिकतोच. त्या शिक्षणाचा घरच्या माणसांना झालेला हा एक उपयोग समजावा.