‘एक्सेप्ट’ आणि आपले ‘शिवाय’

मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजीतील ‘एक्सेप्ट’ हे शब्दयोगी अव्यय अवघड जाते. त्याचे कारण इंग्रजीत कमी आणि आपल्या ‘शिवाय’ या शब्दात अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

राहात्याच्या बाजारातलेच उदाहरण घेऊ. ‘पेरूशिवाय सर्व फळे मिळाली’ या वाक्यात पेरू मिळालेला नाही. ‘पेरूशिवाय डाळिंबेही मिळाली’ यात तो मिळालेला आहे. ‘पाण्याशिवाय पेरूची बाग जगत नाही’ यात केवळ अभाव सांगितला आहे. आपण संदर्भावरून अर्थ लावतो आणि आपले अडत नाही. इंग्रजी मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा शब्द मागते : पहिल्यास ‘एक्सेप्ट’, दुसऱ्यास ‘बिसाइड्स’, तिसऱ्यास ‘विदाउट’. ज्याचे नाव घेतले तो समूहातून बाहेर काढला असेल, तरच ‘एक्सेप्ट’. लॅटिनमधील मूळ अर्थही ‘बाहेर काढून घेणे’ असाच आहे. पालीत याच कामी ‘ठपेत्वा’ हा शब्द येतो. म्हणजे ‘बाजूला ठेवून’. आपले ‘ठेवणे’ त्याच कुळातले.

‘एक्सेप्ट’च्या आधी बहुधा ‘ऑल’, ‘एव्हरी’, ‘नो’ असा समग्रता दाखविणारा शब्द असतो, कारण समूहच नसेल तर वगळायचे कशातून? वाक्याच्या आरंभी मात्र ‘एक्सेप्ट फॉर’ लिहावे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे. उच्चाराच्या घाईत स्वीकारणे आणि वगळणे एक होऊन जातात, याकडे पालकांनीही लक्ष द्यावे.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात या शब्दावर मोठा भार आहे. अनुच्छेद २१ नुसार कोणाचेही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. त्यापुढे ‘एक्सेप्ट’ येतो आणि कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीपुरती वाट उघडतो. ही वाट किती रुंद, हाच पुढे वाद झाला. १९५० च्या गोपालन खटल्यात कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती असणे सर्वोच्च न्यायालयास पुरेसे वाटले. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे, असे ठरले. अनुच्छेदातील एक अक्षरही बदलले नव्हते.

मालमत्तेविषयीचा अनुच्छेद ३००-क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. तेथे ‘एक्सेप्ट’ऐवजी ‘सेव्ह’ आहे. शाळेत ‘सेव्ह’ म्हणजे वाचविणे असे शिकलेला मुलगा ‘कायदा मालमत्ता वाचवितो’ असा अर्थ लावून मोकळा होतो. प्रत्यक्षात तेथे म्हटले आहे की, कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही; म्हणजे कायद्याचा आधार असेल तर घेता येते. कालव्यासाठी किंवा रस्त्यासाठी ज्याच्या जमिनीवर नोटीस येते, त्यास हा भेद कळणे आवश्यक आहे.

कोणतेही कलम वाचताना आधी नियम आणि मग ‘एक्सेप्ट’, ‘सेव्ह’, ‘अदर दॅन’ यांपैकी काही आहे का, हे पाहण्याची सवय मुलांना लावावी. त्यांनी अनुच्छेद १७ ही असाच वाचावा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, असे तो सांगतो. त्यात वगळणारा शब्द एकही नाही.